उघडं घरटं

पडद्यावर घारीने तिसरं पिल्लू उचललं. "माणसाने पाणथळीतलं गवत कापलं आणि घरटं उघडं पडलं," असं निवेदक सांगत होता. सिनेमा संपला तेव्हा लोक डोळे पुसत होते.

दिग्दर्शकाने चित्रीकरणाला होडी घेऊन आलेल्या काकांना मंचावर बोलावलं. "काका, पाणथळ वाचवण्यासाठी दोन शब्द बोला."

काकांनी माईक घेतला. "घरटं कॅमेऱ्यात दिसेना, म्हणून गवत या साहेबांनीच कापायला लावलं. विळा माझा होता, म्हणजे पाप माझंही आहे."

दिग्दर्शक माईक काढून घ्यायला पुढे आला. काकांनी त्याचा हात झिडकारला.

"घार आली तेव्हा मी वल्हं उगारलं होतं. तेव्हाही यानेच हात धरला. म्हणाला, काका, शॉट जाईल."