कळंबाला टेकून

नंदुरबारच्या कॉलेजात रिना-दिनेशचं जमलेलं आज रिनाच्या घरापर्यंत आलं होतं. दिनेश ओट्यावर कळंबाच्या खोडाला टेकून बसला होता. ते झाड राखायला रिनाच्या बापाने छपरालाच भोक पाडलं होतं.

"आई, आपण पाडवी, हे वळवी. आडनावं वेगळी आहेत," रिनाने घोकलेलं एका दमात सांगून टाकलं. आता कोण कशाला अडवतंय!

"आडनावं काय, शाळेतल्या गुरुजींनी लावलेली," दिवलीबाई म्हणाली. "कुळ झाडावरून कळतं. तुमच्यात कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, बाबा?"

"कळंबाला. सरपणालाही नाही!" दिनेशने अभिमानाने सांगितलं.

दिवलीबाई उठली. तिने तांब्या भरला, रिनाच्या हातात दिला आणि म्हणाली,

"भावाला पाणी दे."