तळाची फळी

जुना रंग खरवडता खरवडता देवरामची पटाशी थबकली. बोटीच्या तळाला आतल्या बाजूनं, फळीच्या कडेला, एक कोरलेली खूण होती. त्रिकोण आणि त्यात टिंब. ती खूण त्याची स्वतःची होती.

अंबडच्या एका कारखान्यात देवराम ओतकामाचे लाकडी साचे बनवायचा. सागवान आलं की ज्या मिस्त्रीच्या ताब्यात जाई, तो फळीवर आपली खूण कोरून ठेवी. खुणा खुद्द मालकांनी ठरवून दिलेल्या. एक्याण्णव साली देवरामच्या खुणेच्या सहा फळ्या गायब झाल्या आणि मॅनेजर साहेबांनी त्याला चोर ठरवलं. गेटवर सगळ्या कामगारांसमोर त्याची पिशवी उलटी केली. भाकरी मातीत पडली. नोकरी गेली ती गेलीच, पुढे कुठल्याही कारखान्यानं त्याला दारात उभं केलं नाही.

ही बोट त्याच साहेबांची होती. सासऱ्याकडून आलेली, साठ सालची, बारा फुटी मोटरबोट. एका गॅरेजवाल्याच्या ओळखीनं ती देवरामच्या मखमलाबादच्या अंगणात दुरुस्तीला आली होती. साहेब एकदाच बघायला आले. "मिस्त्री, एप्रिलमध्ये पाण्यात उतरली पाहिजे," एवढं बोलून गाडीत बसले. बारा वर्षांपूर्वी ज्याला आयुष्यातून उठवलं, त्याला त्यांनी ओळखलंसुद्धा नाही. ते देवरामच्या जिव्हारी लागलं होतंच. आता तर तळपायाची आग मस्तकात गेली. बोटीला नवा तळ ह्यानं घालायचा आणि भाकरी माझी मातीत पडायची!

सहाही फळ्यांवर खूण निघाली. त्यानं बायकोला, चिमणाबाईला, हाक मारून दाखवली.

"मालकांना दावा की जाऊन," ती म्हणाली.

"मला गेटच्या आत तरी घेतील का? चोराचं कोण ऐकतंय? माझं मी बघतो."

त्यानं खुणांवर रंग फासला. उन्हानं लाकूड आटून फळ्यांमधल्या फटी रुंदावल्या होत्या. त्या राळ आणि तेल उकळून भरायच्या असतात. देवरामनं नुसता खडू पाण्यात कालवून भरला आणि बाहेरून रंगाचे दोन हात मारले. बोट अशी देखणी झाली की शेजारपाजारचे बघायला येऊ लागले. गंगापूर धरणाच्या त्या काठाला पाणी कमरेइतकंच होतं, तेव्हा जीव कुणाचा जाणार नव्हता. पण साहेब पाहुण्यांसकट चिखलात बसणार होते. पहिल्या फेरीला त्यांनी कारखान्याच्या मालकांनाच बोलावलं होतं. देवरामला आणखी काय हवं होतं? चारचौघांत साहेबांचं नाक कापलं गेलं की त्याला शांत झोप लागणार होती.

पहिल्या फेरीच्या दोन दिवस आधी तो इंजिनाचा पाण्यातला पंखा आणायला मनमाडला गेला. तिथल्या एका जुन्या रेल्वे फिटरकडे तो सरळ करायला दिला होता. रविवारी सकाळी एसटीतून उतरून देवराम परस्पर धरणावर पोचला. टेम्पोतून बोट आली होती आणि बोटीबरोबर चिमणाबाईही. पंखा बसला. साहेब, मालक आणि दोन पाहुणे आत बसले. इंजिन धडधडलं.

देवराम काठावर उभा राहिला. आता बुडेल, मग बुडेल. बोट काठाकाठानं एक फेरी मारून आली, दुसरीला निघाली. पाहुणे टाळ्या वाजवत होते. साहेब तर काठावरच्या बायामाणसांना हात हलवून दाखवत होते. देवरामच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी पाणी भरलं होतं तिच्यात," चिमणाबाई हळूच म्हणाली. "दोन दिवस, वीतभर. आधी गळली, मग लाकूड फुगलं अन् फटी मिटल्या. बैलगाडीची चाकं नाय का आपण ओढ्यात टाकीत?"

"कुणी सांगितलं होतं तुला?" देवराम खेकसला. "बारा वर्षं वाट बघितली मी!"

"अन् मी काय सुखात होते? दर वेळी राळ मी उकळते. ह्या वेळी तुम्ही हाक नाय मारली, तवाच कळलं मला." तिचे डोळे बोटीवरून हलले नव्हते. "बुडाली असती तर ह्यो म्हणला असता, चोर तर होताच, घातकीबी निघाला. पुरावाच बुडवायला निघाला होता तुम्ही! खुणांवरचा रंग मी खरवडून ठेवलाय. वर पोतं अंथरलंय."

बोट काठाला लागली. साहेब उडी मारून उतरले. चिमणाबाई गुडघाभर पाण्यात शिरली, बोट धरायला म्हणून वाकली आणि तिनं पोतं ओढून घेतलं.

मालकांनी खाली बघितलं. मग ते सावकाश वाकले आणि त्यांनी एका फळीवरच्या खुणेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या फळीवरून फिरवलं. उठायला त्यांना बराच वेळ लागला.

"मिस्त्री, हे सागवान कुठलं?"

"सासऱ्यांच्या वेळचं आहे, सर, जुनं," साहेब घाईघाईनं म्हणाले.

मालकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. देवराम पुढे झाला. त्याचा आवाज काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढा निघाला.

"तुमचंच, मालक."