मघाचेच लोक

बायको सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, गुडघे जुळवून, पर्स मांडीवर घेऊन. नवऱ्याच्या साहेबांकडे जावं लागलं की ती अशी बसायची.

"कसं वाटलं?" निवृत्त हेडक्लार्कांनी विचारलं. घराचं काम चालू असताना ती धाकट्या बहिणीकडे होती. तिथून तिला आणताना त्यांनी वाटेत चकार शब्द काढला नव्हता. नवं घर पाहून तिचा चेहरा कसा फुलतो, ते त्यांना बघायचं होतं.

"छान आहे हो," ती चौफेर बघत म्हणाली. "कुठे हात आखडता घेतलेला दिसत नाही."

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. मग तिने आवाज खाली आणला.

"पण ही माणसं आहेत कुठे? आपल्याला बसवून कुठे गेली?"

"कोण माणसं?"

"ज्यांचं घर आहे ती."

ते हसले. थट्टा करायची तिला सवय होती, आणि इतक्या महिन्यांनी ती सवय परत आली असती तर त्यांना हवीच होती. पण हसणारे ते एकटेच होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना नजरेआड होऊ देऊ नका. गॅस चालू ठेवून ती झोपायला गेली होती, त्यानंतरची ही गोष्ट. हेडक्लार्कांनी ते एखाद्या सरकारी आदेशासारखं मनावर घेतलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडली, म्हणजे पेपर वाचतानाही ती डोळ्यांसमोर राहील. गॅस काढून काचेची सपाट शेगडी बसवली. निसरड्या फरशा उखडल्या. इंटिरिअर करणारी मुलगी म्हणाली, जुनं काही ठेवलंत तर सगळा लुक जाईल; तेव्हा मान डोलावून त्यांनी बायकोचं भांड्यांचं कपाटसुद्धा भंगारात दिलं. नव्या कपाटांना मुठी नव्हत्या, ती नुसती दाबली की उघडायची. सगळं तिच्यासाठीच केलं होतं, यात तिळमात्र खोट नव्हती.

"अगं, आपलंच घर आहे हे."

"काहीतरीच काय. ऐकतील ना ते."

त्यांनी तिला हाताला धरून सगळं दाखवलं. ही आपली खोली, ही आपली खिडकी. खिडकी आता जमिनीपर्यंत काचेची होती. तिने पडद्यांची तारीफ केली. बेसिनपाशी तिने हात पुढे नेला तर नळ आपोआप सुरू झाला. तिने झटकन हात मागे घेतला आणि रिकाम्या घराला मोठ्याने सांगितलं, "मी काही हात लावला नाही हं."

"अहो, निघू या ना आता," ती म्हणाली. "अंधाराच्या आत घरी पोहोचू."

त्यांनी तिच्या चपला पुढे ठेवल्या आणि तिला खाली नेलं. घर नाही तर नाही, निदान गल्ली तरी ती ओळखेल असं त्यांना वाटलं.

गल्लीला चांगले दिवस आले होते आणि हेडक्लार्क ते नातेवाइकांना ऐटीत सांगत असत. तिचे ब्लाउज शिवणाऱ्या शिंप्याच्या जागी आता एक दुकान होतं. त्याच्या अख्ख्या काचेत एकच पर्स ठेवली होती आणि तिच्यावर ऑपरेशन चालल्यासारखा उजेड सोडला होता. सायकलवाल्याच्या जागी कुत्र्यांचं पार्लर आलं होतं. आत एका कुत्र्याचे केस वाळवत होते आणि तो डोळे मिटून सुखात बसला होता. बायको दोन्हींकडे परक्या गावात आल्यासारखी बघत होती. तिला ओळखीचं काही दाखवावं म्हणून हेडक्लार्क शोधायला लागले, आणि आपल्यालाच काही सापडत नाही म्हणून हबकले.

तेवढ्यात तिने त्यांचा हात ओढला. "इकडून. भलतीकडे कुठे निघालात?"

ती वळली. बरोबर वळली. तिच्या पावलांना वेग आला, पर्स काखेत गेली. रखवालदाराने केलेल्या सलामाकडे न बघता ती फाटकातून आत शिरली, लिफ्ट सोडून जिन्याकडे गेली. "लिफ्टने गुडघे गंजतात," ती नेहमीचं म्हणाली, आणि मागून धापा टाकत येणाऱ्या हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. जिन्याला कुणी हात लावला नव्हता. लाकडी कठडा तोच होता, तिचा हात त्यावरून सवयीने सरकत होता. वाटेत तिने त्यांना रात्री काय करू म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, काहीही कर.

तिसऱ्या मजल्यावर ती उजवीकडे वळली आणि नेमकी त्यांच्याच दारापुढे थांबली.

दार काळं, गुळगुळीत होतं. कडी नाही, कुलूप नाही, फक्त आकड्यांची पट्टी. ती बघत राहिली. चेहऱ्यावरचा सगळा उत्साह उतरला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तर मघाचेच लोक."

आता तिला कुठे न्यावं, हे हेडक्लार्कांना सुचेना. त्यांनी आकडे दाबायला बोट पुढे केलं. तिने मनगट धरलं.

"दुसऱ्याचं दार असं परस्पर उघडतात का? बेल वाजवा."

त्यांनी बेल वाजवली. आत कुठलीशी धून वाजली आणि थांबली. तिने केस नीट केले, चेहरा हसरा केला. हेडक्लार्क तिच्या शेजारी उभे राहिले, आणि आतून कुणाची पावलं येतात का, ते कान देऊन ऐकू लागले.