आरपार बोल्ट

१९७८ साली मिरजेच्या आमच्या घराला माडीमागे लाकडी सज्जा बांधायला घेतला. नणंदेच्या बाळाचं बारसं त्यावर व्हायचं होतं. पंचवीस बायका बसणार होत्या. सज्ज्याची तुळई विटांच्या भिंतीला कशानं धरायची, यावरून आमचे हे आणि नारबा सुतार सकाळपासून हटून बसले होते.

"खास पुण्याहून आणलेत. विटेत फुगून घट्ट बसतात," अँकर बोल्टची पुडी नाचवत हे म्हणाले.

"साहेब, विटा मातीत बांधल्यात. बोल्ट फुगला की वीटच सुटेल, आणि बायका बाळासकट खाली येतील. आरपार बोल्ट घालू, आतून लोखंडी पट्टी लावू."

"स्वयंपाकघरात पट्टी? कसं दिसेल ते?"

"स्वयंपाकघर माझं आहे," मी म्हटलं. "बारा वर्षांत त्या भिंतीत तुम्ही ठोकलेला एक तरी खिळा टिकलाय का? कॅलेंडर मी दाराला अडकवते."

नारबा मिशीत हसला. ह्यांनी पुडी खिशात घातली.

बारसं थाटात झालं. नारबा पुढे मुलाकडे साताऱ्याला गेला. बाळ आता सोलापुरात डॉक्टर आहे. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटपर्यंत पाहुण्यांना सज्जा दाखवून सांगायचे, "आरपार बोल्टची कल्पना माझी." पाहुण्यांदेखत मी गप्प बसायची. पाहुणे गेल्यावर हे गप्प बसायचे.