अख्खा पेढा

शेजारची मुलगी बारावी पास झाल्याच्या पेढ्यांचा पुडा घरी आला. त्यातला एक हातात पडताच ठोसरांनी सवयीने कणभर तोडून जिभेवर ठेवला आणि उरलेला बायकोच्या, सुलभाताईंच्या हातावर दिला. छत्तीस वर्षांच्या मधुमेहात आधी भात बंद झाला, मग फळं. एका डॉक्टरांनी कारल्याचा रस लावला, दुसऱ्यांनी दोनच वेळा जेवायला सांगितलं.

सुलभाताईंनी पेढा त्यांना परत दिला. “अहो, तुमच्या दंडात इन्सुलिन बनवणाऱ्या नव्या पेशी पेरून महिना झाला. रक्तातली साखर आता त्याच सांभाळतात. तुमचे उष्टे पेढे खाऊन कंटाळले मी!”

ठोसरांनी घाबरत घाबरत उरलेला अख्खा पेढा तोंडात टाकला. डोळे मिटून तो सावकाश विरघळू दिला.

“साखर जरा जास्तच झालीय,” शेवटी ते कुरकुरले आणि दुसऱ्या पेढ्यासाठी हात पुढे केला.