हौसाक्काची मोटर

काळीज बंद पडल्यावर त्याच्याशेजारी बसवलेली गिअर मोटर कित्येक वर्षं हौसाक्काचं रक्त फिरवत होती. हल्ली ती तापायला लागली, म्हणून अक्का सुबराव मिस्त्रीच्या टपरीत येऊन बसली.

"ग्रीस घातलंस, गिअर बदललास, तरी कुरकुरतीय! शिकलास तरी कुठं रे, मुडद्या?"

"अक्का, जरा गप बस गं," म्हणत वैतागलेल्या सुबरावानं, पंखे दुरुस्त करायच्या जुन्या सवयीनं, आधी वायरच उपटली. त्याआधी जादाची मोटर जोडायची असते, ती राहूनच गेली!

हातातली वायर बघून त्याला दरदरून घाम फुटला. अशानं माणूस बसल्या जागी संपतं.

"असा काय बघतोस भूत बघितल्यागत? तापते कशानं, ते सांग की!"

सुबरावानं तिचं मनगट धरलं. नाडी ठणठणीत चालली होती.

"अक्का, मोटर बंद आहे," तो कसाबसा म्हणाला. "तुझं जुनं काळीज आपलं आपण चालायला लागलंय. दोघं एकमेकांना उलटं रेटत होती, म्हणून ती तापत होती."

हौसाक्कानं अलगद छातीवर हात ठेवला.

"हळू बोल रे," ती कुजबुजली. "बुजेल ते."