झेंड्याची गाडी

फादर, आत जाण्याआधी जरा बसा, एक गोष्ट ऐका. साहेबांची गाडी मीच चालवायचो. पोपचे राजदूत व्हायच्या आधी धर्मशास्त्र शिकवायचे. ‘जीव वाचवायलाही खोटं बोलू नये’ यावर त्यांचं पुस्तक, उशाला घेतलं तर मान मोडेल एवढं जाड! बंडाच्या दिवसांत नाक्यावर सैनिकानं बंदूक आडवी धरली. “राजदूताच्या झेंड्याची गाडी आम्ही उघडत नाही, पण क्रुसावर हात ठेवून सांगा, डिक्कीत कोण आहे?” डिक्कीत माझा फरारी पोरगा होता. साहेबांनी छातीवरचा क्रूस मुठीत धरला. “कोणी नाही, बाळा.” पोरगा वाचला. तो क्रूस मात्र साहेबांनी परत घातला नाही. आता शेवटची घटका, तरी पापकबुली देत नाहीत. म्हणतात, “पस्तावा होतच नाही रे. झाला म्हणू, तर ते दुसरं खोटं!” फादर, पाया पडतो, ते पाप माझ्या नावावर करा.